सहा लॅप पुढे: बाथर्स्टचं सुवर्णयुग नक्की कुणाचं?

ऑस्ट्रेलियात राहत असाल तर हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी विचारला गेलाच असेल: होल्डन की फोर्ड? शाळेच्या बसमध्ये, पहिल्या नोकरीतल्या शुक्रवारच्या बिअरवर, नाहीतर कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी. तुमच्या दारात टोयोटा उभी आहे हे विचारणाऱ्याला दिसत असतं, तरी तो विचारतो. कारण त्याला तुमच्या गाडीत काडीचा रस नसतो. आमच्या जुन्या भांडणात तुम्ही कुठल्या बाजूने उभे राहणार, एवढंच त्याला बघायचं असतं. आपल्यातले बरेच जण मनातल्या मनात नाणं उडवतात आणि एक नाव सांगून मोकळे होतात. मग समोरचा खूश होतो आणि 'आमच्या वेळची' शर्यत सांगायला लागतो.

अमेरिकेत, आखातात किंवा लंडनला बसून वाचत असाल तर थोडी पार्श्वभूमी. ही फॉर्म्युला वनसारखी, जमिनीला चिकटलेल्या अग्निबाणांची शर्यत नाही. टूरिंग कार म्हणजे चार दारांची, डिकी असलेली, बाबा ऑफिसला नेतात तसली गाडी. न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट गावाबाहेर माउंट पॅनोरमा नावाचा डोंगर आहे. त्यावरून जाणाऱ्या साध्या सार्वजनिक रस्त्यावर ऑक्टोबरमध्ये १,००० किलोमीटरची शर्यत होते. एक फेरी ६.२१३ किलोमीटरची, अशा १६१ फेऱ्या. खालचं आणि वरचं टोक यांच्यात १७४ मीटरचा चढ. वर भिंती इतक्या जवळ की आरसा घासावा, आणि खाली कॉनरॉड स्ट्रेट नावाचा लांबलचक उतार. ही शर्यत १९६० मध्ये फिलिप आयलंडला ५०० मैलांची म्हणून सुरू झाली, १९६३ मध्ये बाथर्स्टला आली आणि १९७३ पासून १,००० किलोमीटरची झाली. ऑस्ट्रेलियन माणूस तिला नुसतं 'द ग्रेट रेस' म्हणतो.

या शर्यतीच्या सुवर्णयुगाची आठवण हा आता स्वतंत्र धंदा आहे. जुन्या प्रक्षेपणांचे तुकडे युट्यूबवर लाखोंनी बघितले जातात. सँडाउनच्या शर्यतीला आजच्या संघांनी गाड्या मुद्दाम सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगांत रंगवून आणल्याचं आपण बघितलं आहे. पीटर ब्रॉकवर मालिका झाली, माहितीपट झाला. १९७१ च्या फाल्कन जीटीएचओ फेज थ्री गाडीची किंमत लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. २०१८ मध्ये तेवढ्याला विकली गेलेली एक गाडी कधीकाळी फास्ट बोलर जेफ थॉमसनची होती, हे तुमच्या क्रिकेटवेड्या बाबांना जरूर सांगा. कारखान्यातल्या फोरमनला हप्त्यावर घेता यावी अशा बेताने बनवलेली गाडी आज तिजोरीतल्या सोन्यासारखी झाकून ठेवतात. ती कुणी चालवत नाही. 

आता प्रश्न असा, की या आठवणीत कितपत तथ्य आहे?

पुष्कळ आहे, हे आधीच सांगतो. जुन्या टेप बघायला बसलात तर पहिल्या तासातच कळतं की लोक उगाच हळवे होत नाहीत. १९७२ पर्यंत ही शर्यत जवळपास शोरूममधून निघालेल्या गाड्यांची होती. सुरुवातीच्या वर्षांत गट पाडले जायचे ते गाडीच्या बाजारातल्या किमतीवरून. विचार करा, केवढी लोकशाहीवादी कल्पना आहे ही! तुमच्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांमध्ये कोणती टिकते ते तुमच्यासमोर डोंगर ठरवणार. १९६६ मध्ये चिमुकल्या मिनी कूपर एस गाड्यांनी पहिले नऊ क्रमांक घेतले. त्यानंतर मोठी इंजिनं आली, पण कायदा तोच: जी गाडी पळवायची ती ठरावीक संख्येने सामान्य गिऱ्हाइकाला विकलीच पाहिजे. त्यामुळे कंपन्या शर्यतीसाठी राक्षस बनवायच्या आणि त्यांना नंबरप्लेट लावून गावात सोडायच्या. १९७२ च्या जून महिन्यात सिडनीच्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ओरड केली की ताशी १६० मैल धावणाऱ्या गाड्या पोरासोरांच्या हातात येणार आहेत. राजकारणी खवळले, आणि फोर्ड, होल्डन आणि क्रायस्लर तिघांनीही आपापले पुढचे राक्षस गुंडाळून ठेवले. जीटीएचओ फेज फोर त्यात गेली. न झालेल्या गाडीची हळहळ पन्नास वर्षं टिकते, यावरून काय ते समजा.

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, पावसात, एकट्याने, छोट्या टोराना एक्सयू-वनमध्ये बसून पीटर ब्रॉक पहिल्यांदा जिंकला. पुढच्या वर्षापासून दोन चालक सक्तीचे झाले. ब्रॉक एकूण नऊ वेळा जिंकला. त्यातली १९७९ ची शर्यत ही या सगळ्या स्मरणभक्तीची गाभाऱ्यातली मूर्ती. जिम रिचर्ड्सबरोबर, टोराना ए-नाइन-एक्समध्ये, दुसऱ्यापेक्षा तब्बल सहा लॅप पुढे. म्हणजे पस्तीसेक किलोमीटर! गाडी ढकलत आणली असती तरी चाललं असतं म्हणा ना. आणि या गृहस्थाने शेवटच्या फेरीत लॅप रेकॉर्ड मोडला. गरज शून्य. हा तुकडा तुम्ही बघितला नसेल तर बघा. क्रीडेतलं निव्वळ माजोरडं सौंदर्य कसं असतं ते दिसेल.

पण मग उरलेली शर्यतही बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. सहा तासांहून जास्त लांबीचं प्रकरण, आणि सहा लॅप पुढे असलेल्या गाडीची शर्यत चुरशीची कशी असणार? ती कंटाळवाणी आहे. आणि त्या कंटाळ्यातच खरी माया आहे, असं माझं मत. कॅमेऱ्याला दाखवायला काही नसतं म्हणून तो मागच्या गाड्यांकडे वळतो. साठेक गाड्या सुरुवातीला उभ्या. जेमिनी, एस्कॉर्ट, कॅप्री, अल्फा रोमिओ, माझदा. कुणाचं स्वतःचं गॅरेज, कुणाचा गावातला गाडीविक्रीचा धंदा. त्याच वर्षी चॅनेल सेव्हनने गाडीच्या आत कॅमेरा बसवला, रेसकॅम, आणि तो कुठल्या गाडीत? ब्रॉकच्या नाही. पीटर विल्यमसन नावाच्या माणसाच्या टोयोटा सेलिकात. हा माणूस डोंगरावरून गाडी हाणताना समालोचकांशी गप्पा मारतोय, जसं काही आपण त्याच्या शेजारच्या सीटवर बसलोय. क्रीडा-प्रक्षेपणाच्या इतिहासात हा क्षण सहा लॅपच्या विजयाइतकाच मोठा आहे, आणि तो एका जपानी गाडीत घडला. स्मरणाच्या पाच मिनिटांच्या तुकड्यात विल्यमसन क्वचितच दिसतो. तिथे लाल-पांढरी होल्डन, निळी फोर्ड, बास.

इथे माझी पहिली तक्रार आहे. 'होल्डन विरुद्ध फोर्ड' ही गोष्ट जुन्या काळाला मागाहून नेसवलेली आहे, निदान निम्म्या काळापुरती तरी. १९८३ ते १९९२ ही दहा वर्षं घ्या. बहुतेक भक्तांच्या हिशेबात ती सुवर्णयुगातच मोडतात. या दहा वर्षांत ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यपद कोणत्या गाड्यांनी जिंकलं? १९८३ माझदा. १९८४ फाल्कन. १९८५ बीएमडब्ल्यू. १९८६ व्होल्वो. १९८७ पुन्हा बीएमडब्ल्यू. १९८८ आणि १९८९ फोर्ड सिएरा, जी फोर्ड असली तरी युरोपची. १९९०, १९९१, १९९२ निस्सान. दहापैकी ऑस्ट्रेलियन कारखान्यातली होल्डन किंवा फोर्ड जिंकली एकदा. फक्त एकदा! आणि १९८३ ची माझदा चालवत होता ॲलन मॉफट, फोर्डभक्तांचा देव, जो मुळात कॅनडात जन्मलेला. १९७९ मध्ये ब्रॉकच्या जोडीला असलेला, आणि वरच्या यादीतल्या दोन्ही बीएमडब्ल्यू आणि दोन निस्सान जिंकून देणारा जिम रिचर्ड्स न्यूझीलंडचा. म्हणजे ज्याला 'आपला खेळ, आपली गाडी, आपली माणसं' म्हणून आठवलं जातं, तो काळ प्रत्यक्षात चांगलाच परदेशी आणि सरमिसळीचा होता. दोन जमातींची शुद्ध लढाई ही खऱ्या अर्थाने १९९३ पासूनची, जेव्हा नव्या नियमांनी मुख्य गट पाच लिटरच्या व्ही-एट फाल्कन आणि कमोडोरसाठी राखला. 'व्ही-एट सुपरकार्स' हे नाव १९९७ चं. परंपरा म्हणून सांगितली जाणारी गोष्ट बरीचशी मार्केटिंगच्या टेबलावर बसून परत शिवलेली आहे.

सुवर्णयुग नक्की कधी, हे विचारून बघा, गंमत येईल. साठीचा माणूस १९७७ सांगेल, जेव्हा मॉफट आणि कॉलिन बाँडच्या दोन फाल्कन पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर जोडीने रेषा ओलांडून गेल्या. पन्नाशीचा माणूस सिएराच्या टर्बोची शिट्टी तोंडाने काढून दाखवेल. चाळिशीतला क्रेग लाउंड्सवर येऊन थांबेल. सुवर्णयुग म्हणजे सांगणारा दहा वर्षांचा होता ते साल.

या सरमिसळीला नको म्हणण्याची तारीखही नोंदलेली आहे. १९९२. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, चारही चाकांना ताकद देणारी, टर्बोवाली, इथल्या मासिकाने 'गॉडझिला' नाव ठेवलेली गाडी. आदल्या वर्षी रिचर्ड्स आणि मार्क स्केफने तिने बाथर्स्ट जिंकलं होतं. १९९२ ला प्रचंड पाऊस आला, गाड्या एकमेकींवर जाऊन आदळायला लागल्या, रिचर्ड्सची निस्सानही ठोकली गेली आणि शर्यत लाल झेंड्याने थांबवली. नियमाप्रमाणे निकाल मागच्या पूर्ण लॅपवरून लावला, त्यामुळे ठोकलेली निस्सान जिंकली आणि धडधाकट उभी असलेली डिक जॉन्सन–जॉन बो यांची सिएरा दुसरी. गर्दीने हुर्यो केली, बाटल्या-कॅन भिरकावले. त्या दिवशी रिचर्ड्सचा देशबंधू आणि मित्र, १९६७ चा फॉर्म्युला वन जगज्जेता डेनी हल्म, शर्यतीत गाडी चालवताना हृदयविकाराने गेला होता. ते नुकतंच कळलेल्या रिचर्ड्सने व्यासपीठावरून गर्दीला एक शेलकी शिवी हासडली. आज हा तुकडा विनोद म्हणून फिरतो. टी-शर्टवर येतो. मला तो बघताना हसू येत नाही. हुर्यो नेमकी कशाबद्दल होती? नियमाबद्दल काही प्रमाणात, मान्य. पण त्याच गर्दीला जॉन्सनची सिएरा 'आपली' वाटत होती, जी तितकीच परदेशी होती. निळा अंडाकृती बिल्ला असला की परदेशी गाडी घरची होते. जपानी बिल्ला असला की फसवणूक होते. आपल्या आडनावांचा उच्चार करताना अडखळणाऱ्या देशात हे ओळखायला आपल्याला फार वेळ लागू नये.

आणि होल्डन तरी कुणाची होती? १९३१ पासून जनरल मोटर्सची. १९४८ मध्ये पंतप्रधान बेन चिफली यांच्या हस्ते पहिली होल्डन लोकांसमोर आली. चिफली हे मूळचे बाथर्स्टचेच, हा योगायोग स्मारकवाल्यांच्या फार आवडीचा. सत्तरच्या दशकात होल्डन म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आत्मा असं सांगणारी जी गाजलेली जाहिरात होती, ती शेव्हरलेच्या अमेरिकन जाहिरातीत खेळ आणि खाद्यपदार्थ बदलून केलेली होती. अर्थात याला हसायचा आपल्याला अधिकार नाही. इटलीच्या फियाटला 'पद्मिनी' म्हणून, पिवळं टप आणि काळं अंग देऊन, मुंबईची करून टाकणारी आपणच माणसं. गाडी कुठे जन्मली यापेक्षा ती कुणी जोडली, कुणी दुरुस्त केली आणि कुणी तिच्यात बसून लग्नाला गेलं यावर ती 'आपली' ठरते.

जोडली कुणी, हा प्रश्न मात्र स्मरणधंद्यात जवळपास गायब आहे. माझी दुसरी आणि मोठी तक्रार ही.

१९७३ हे साल घ्या. बाथर्स्ट पहिल्यांदा १,००० किलोमीटरचं झालं, मॉफट आणि इयन गेगनची फाल्कन जिंकली. फोर्डभक्तांसाठी सोन्याचं वर्ष. त्याच वर्षी जूनमध्ये मेलबर्नच्या उत्तरेला ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्यात संप चिघळून दंगल झाली. कामगार बहुतेक स्थलांतरित: ग्रीक, इटालियन, युगोस्लाव्ह, तुर्की. तक्रार नुसती पगाराची नव्हती. असेंब्ली लाइनचा वेग माणसाला झेपत नव्हता, आणि इंग्रजी बोलणाऱ्या युनियन पुढाऱ्यांनी कामावर परत जा म्हटल्यावर माणसं बिथरली. खिडक्या फुटल्या, भिंत पाडली गेली. संप अनेक आठवडे चालला. ऑस्ट्रेलियाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात ही महत्त्वाची घटना मानतात. १९७३ च्या बाथर्स्टवर बनवलेल्या किती कौतुकाच्या व्हिडिओंत तिचा उल्लेख ऐकलात? फाल्कनचा वेग सगळ्यांना पाठ आहे. लाइनचा वेग कुणालाच नाही.

आणि त्याच १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने गोऱ्या ऑस्ट्रेलियाच्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष काढून टाकले. म्हणजे आपल्यासारख्यांना इथे यायचं दार नीट उघडलं ते तेव्हा. सुवर्णयुगाच्या पहिल्या भागात आपण तिथे नव्हतो, कारण आपल्याला येऊच देत नव्हते. 'तेव्हा सगळं कसं आपलं होतं' या वाक्यातल्या 'आपलं' शब्दाकडे म्हणूनच जरा सावधपणे बघायला लागतं.

नावांचंही तसंच. जुन्या टेपमध्ये पुलावर, भिंतींवर, कपांवर मोठ्या अक्षरांत दिसतं: हार्डी-फेरोडो. १९६८ पासून १९८० पर्यंत शर्यतीचं अधिकृत नाव ते होतं, आणि नंतर १९८७ पर्यंत जेम्स हार्डी १०००. ही कंपनी कोण? ॲस्बेस्टॉसची. घरांचे पत्रे आणि भिंती बनवणारी, आणि फेरोडोच्या भागीदारीत ब्रेक लायनिंग बनवणारी. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्येही ॲस्बेस्टॉस असायचं. १९७७, १९७९, १९८० ... भक्तांच्या सगळ्या पवित्र सालांवर या कंपनीचा शिक्का आहे. पुढे काय झालं ते वाचा. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, हजारो आजारी. नुकसानभरपाईसाठी २००१ मध्ये कंपनीने वेगळी संस्था काढली, तिच्यात पुरेसे पैसे ठेवलेच नाहीत, आणि आपण नेदरलँड्सला बिऱ्हाड हलवलं. २००४ मध्ये डेव्हिड जॅक्सन यांच्या चौकशी आयोगाने हे चव्हाट्यावर आणलं. नाकात ऑक्सिजनची नळी घालून वर्षानुवर्षं या कंपनीशी भांडलेले बर्नी बँटन २००७ मध्ये ॲस्बेस्टॉसमुळे झालेल्या कर्करोगानेच गेले. हे ठाऊक असताना रेट्रो अक्षरांतला हार्डी-फेरोडोचा टी-शर्ट घालून मिरवणं मला जमत नाही. आपल्याला हा विषय परका नाही. आजोळच्या घरावरचे, उन्हात तडतडणारे 'सिमेंटचे पत्रे' आठवा. भारतात ते अजून विकले जातात.

गंमत म्हणजे ब्रॉकच्या गाडीवरचा प्रसिद्ध ०५ हा आकडा आला कुठून? व्हिक्टोरिया राज्याच्या दारू पिऊन गाडी चालवू नका या मोहिमेतून. रक्तातल्या मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०५. त्याच गाडीवर मोठं नाव होतं मार्लबोरोचं. आणि १९८८ पासून शर्यतच टूहीज बिअरच्या नावाने ओळखली गेली. या तीन गोष्टी एका वाक्यात मांडल्या की त्या काळाबद्दल दहा माहितीपट जे सांगत नाहीत ते कळतं: सद्हेतू, धंदा आणि व्यसन एकाच बॉनेटवर, कुणाला त्यात विसंगती वाटत नव्हती.

ब्रॉकबद्दलही स्मरण हातचं राखून बोलतं. १९८७ च्या फेब्रुवारीत होल्डनने त्याच्याशी संबंध तोडले. त्याने चुंबक आणि स्फटिक भरलेली एक डबी काढली होती, 'एनर्जी पोलरायझर', आणि ती लावली की गाडीतल्या रेणूंची रचना सुधारते असा त्याचा दावा होता. ते शुद्ध थोतांड होतं. आपल्याकडच्या कुठल्याही बाबाने शिष्यांना विकावं तसं. पण बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या पाठिंब्याशिवाय, ०५ ऐवजी १० नंबरच्या गाडीतून त्याने नववं बाथर्स्ट जिंकलं. तेही ट्रॅकवर तिसरा येऊन, पुढच्या दोन सिएरा बॉडीवर्कच्या नियमभंगावरून बाद झाल्यामुळे. हा ब्रॉक मला सहा लॅपवाल्या ब्रॉकपेक्षा जास्त माणसासारखा वाटतो. हट्टी, भोळा, अडचणीत सापडलेला, आणि तरीही गाडीत बसल्यावर अफाट. 'पीटर परफेक्ट' या टोपणनावात हा माणूस मावत नाही.

एक जागा अशी आहे जिथे माझी सगळी टीका गळून पडते. १९८०. क्वीन्सलँडचा डिक जॉन्सन, पेट्रोल पंपाचा धंदा करणारा, सगळी पुंजी एका निळ्या फाल्कनमध्ये घातलेला. सतराएक लॅपनंतर पुढे होता. 'द कटिंग' नावाच्या अरुंद चढावर रस्त्यात मोठा दगड आला, बाजूला टो ट्रक, वळायला जागा नाही. गाडी संपली. थोड्या वेळाने कॅमेऱ्यासमोर बोलताना तो माणूस रडवेला झाला. आणि मग चॅनेल सेव्हनचे फोन वाजायला लागले. लोक पैसे द्यायला तयार होते. कुणी पाच डॉलर, कुणी दहा. सत्तर हजार डॉलरच्या वर जमले आणि फोर्ड ऑस्ट्रेलियाच्या एड्सेल फोर्ड दुसरे यांनी तेवढीच भर घातली. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, तो जॉन फ्रेंचबरोबर जिंकला. होल्डनवाल्यांनीही पैसे पाठवले होते असं इथे अजून सांगतात, आणि मला त्यावर विश्वास ठेवायला आवडतं. आज कोट्यवधींच्या कंपन्या पळवत असलेल्या खेळात पाच डॉलरची वर्गणी कुठे घालणार? हळवेपणाला जागा आहे ती इथे.

कारण हळवेपणाच्या मुळाशी शोक आहे, आणि तो खरा आहे. फोर्डचा ब्रॉडमेडोज कारखाना ७ ऑक्टोबर २०१६ ला थांबला. टोयोटाचा आल्टोना ३ ऑक्टोबर २०१७ ला, होल्डनचा ॲडलेडजवळचा एलिझाबेथ त्याच महिन्यात २० तारखेला. २०२० च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढलं. २०२२ चं बाथर्स्ट होल्डनने जिंकलं, शेन व्हॅन गिसबर्गन आणि गार्थ टँडर, आणि तेवढ्यावर ते संपलं. २०२३ पासून तिच्या जागी शेव्हरले कॅमारो पळते, जी ऑस्ट्रेलियाच्या शोरूममध्ये नवी मिळतच नाही. शोरूम, कारखाना आणि डोंगर यांना बांधणारी दोरी तुटली. एलिझाबेथला तीस वर्षं बॉनेट बसवलेल्या माणसाला १९७९ चा तुकडा बघून भरून आलं तर तो काही बालपण आठवत नाहीये. त्याच्या हातचं काम डोंगर चढताना बघतोय तो.

याच कंपनीने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं बंद केलं, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये पुण्याजवळच्या तळेगावचा कारखाना थांबवला. हजाराहून जास्त कामगार. गेटबाहेर आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पुढे जागा ह्युंदाईकडे गेली. तुमच्यापैकी कुणाचा मामा, कुणाचा चुलतभाऊ त्यात असू शकतो. तळेगावला बनलेल्या शेव्हरले बीटवर कुणी माहितीपट काढणार नाही, रेट्रो टी-शर्ट निघणार नाहीत, कारण तिला कुठला डोंगर नव्हता आणि कुठला ब्रॉक नव्हता. एलिझाबेथ आणि तळेगाव यांचा मालक एक, निर्णयाचं गणित एक. पण एका गेटसमोर देशाने डोळे पुसले आणि दुसऱ्या गेटची बातमी आतल्या पानावर गेली. आपण दोन्ही बाजूंची माणसं ओळखतो. निदान आपल्या गप्पांत तरी ही दोन नावं एका श्वासात यायला हवीत.

मग 'होल्डन की फोर्ड' विचारल्यावर काय सांगायचं? मी हल्ली 'विल्यमसनची सेलिका' म्हणतो. समोरचा माणूस जुना भक्त असेल तर आधी बुचकळ्यात पडतो, मग हसतो आणि मग खरी गप्पा सुरू होते, कारण त्याला ती आठवते. नसेल आठवत, तर त्याची आठवण पाच मिनिटांच्या तुकड्यांतून आलेली आहे आणि तुमची त्याच्याइतकीच उसनी, त्याच्याइतकीच वैध आहे. दबून जायचं कारण नाही.

आणि बाथर्स्टला जाऊन या. सिडनीहून दोनशे किलोमीटर, ब्लू माउंटन्स ओलांडून. शर्यत नसते तेव्हा तो रस्ता खुला असतो, दोन्ही बाजूंनी वाहतूक, वेगमर्यादा ताशी ६०, आणि पोलीस खरोखर उभे असतात. आत लोकांची घरं आहेत, द्राक्षमळा आहे. मंदीच्या काळात बेकारांना काम मिळावं म्हणून बांधलेला हा रस्ता १९३८ मध्ये खुला झाला. फाटकाजवळच्या संग्रहालयात ब्रॉकचा पुतळा आहे, फोटो काढा. वर स्कायलाइनला गाडी बाजूला घ्या. डोंगराचं विराजुरी नाव वाहलू, पाट्यांवर आता तेही दिसतं. १८२४ मध्ये याच परिसरात विराजुरी लोकांविरुद्ध लष्करी कायदा पुकारला होता. अलीकडे डोंगरावर गो-कार्टचा ट्रॅक करायचा घाट घातला गेला, तेव्हा विराजुरी ज्येष्ठांनी हरकत घेतली आणि २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी तो अडवला. भक्तांपैकी काहींना तो शर्यतीवरचा हल्ला वाटला. तिथून खाली बघितलं की द डिपरची वळणं इतकी एकाखाली एक दिसतात की टीव्हीवर त्याचा अंदाजच येत नाही. उतरताना दुसरा गिअर ठेवा, ब्रेक तापतात.